टोकियोहून आलेली यादी

एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट, पोस्टपोन यांच्यापुढे आयएनजी. वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस, मॅनेज यांच्यापुढे टू. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि ही यादी मी वर्गाकडून पाढ्यांच्या चालीवर म्हणून घेतली. चाल मुलांच्या तोंडात बसली होती, मधल्या सुट्टीतही ऐकू यायची. तरी सहामाहीच्या पेपरात ‘आय एन्जॉय टू प्ले क्रिकेट’ हे वाक्य ठरलेलं असायचं.

निवृत्तीनंतर जुनी इंग्रजी व्याकरणं जमवायचा नाद लागला. पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौकातून, नाहीतर कोल्हापूरच्या रद्दीवाल्याकडून मिळेल ते आणायचं. ती चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. जी यादी आम्ही अपौरुषेय असल्यासारखी शिकवली, ती या जुन्या पुस्तकांत नाहीच. यादीला बाप आहे, जन्मगाव आहे, आणि तिचं वय तुमच्या-आमच्या आजीपेक्षा फार नाही.

आधी जुन्या पुस्तकांचं सांगते. लिंडली मरे हा मूळचा अमेरिकन वकील, इंग्लंडात यॉर्कला येऊन राहिलेला. त्याचं व्याकरण १७९५ साली निघालं आणि इंग्रजांचं राज्य जिथे जिथे गेलं तिथे तिथे ते पोचलं. मग नेस्फील्ड. हा स्वतः हिंदुस्थानात शिक्षणखात्यात अधिकारी होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याची पुस्तकं मॅकमिलनने काढली आणि आमच्या आजोबांच्या पिढीची मॅट्रिक त्यांच्यावर पार पडली. नेस्फील्डचा सगळा जोर वर्गीकरणावर. इन्फिनिटिव्ह, म्हणजे टूवालं रूप, नामाचं काम करतंय की विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं, हे ओळखायचं. नामाचं काम करणारं एका कप्प्यात, हेतू सांगणारं दुसऱ्या कप्प्यात, आणि जेरंडचा, म्हणजे आयएनजीवाल्या रूपाचा, कप्पा वेगळा. समोर आलेल्या वाक्याची चिरफाड करायला हे उत्तम. पण वाक्य अजून तोंडातून बाहेर पडायचंय आणि अव्हॉइडनंतर जीभ अडली आहे, अशा मुलाला नेस्फील्ड काही मदत करत नाही.

तिसरे रेन आणि मार्टिन. यातला रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन, भारतीय शिक्षण सेवेतला माणूस. नोकरीत असताना तो कराचीत हेडमास्तर होता. पुढे १९२४ साली त्याने फ्रेंच फॉरिन लीजनवरची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहिली आणि जगभर नाव कमावलं. वाळवंटातल्या शिपायांच्या शौर्यकथा लिहिणारा आणि आपल्याला कर्ता-कर्म-क्रियापद शिकवणारा माणूस एकच, हे कळल्यावर मला त्या तांबड्या पुस्तकाबद्दल जरा आपुलकी वाटायला लागली. मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी ते १९३०च्या दशकात छापलं. जेरंडच्या प्रकरणात तिथे सांगितलंय की जेरंड आणि इन्फिनिटिव्ह दोन्हींत नाम आणि क्रियापद असे दोन्ही गुण असल्यामुळे त्यांचा उपयोगही सारखाच होतो, आणि पुष्कळ वाक्यांत कुठलंही वापरलं तरी अर्थात फरक पडत नाही.

आपल्याकडच्या गोंधळाचं मूळ मला या विधानात दिसतं. विधान खोटं नाही. वाक्याच्या सुरुवातीला कर्ता म्हणून वापरायचं तर ‘टू स्विम’ आणि ‘स्विमिंग’ दोन्ही चालतात. आणि दहावीच्या पेपरात ‘जेरंड वापरून वाक्य पुन्हा लिहा’ किंवा ‘इन्फिनिटिव्ह वापरून लिहा’ असा प्रश्न नेमका अशाच जागी बेतलेला असतो. जिथे अदलाबदल करून काही बिघडत नाही, तिथेच आपण वर्षानुवर्षं अदलाबदल करवून घेतो. मग मुलाची समजूत होते की टू काढला आणि शेपटीला आयएनजी लावलं की झालं, मार्क मिळाला. तीच समजूत घेऊन तो एन्जॉयकडे जातो.

आपल्या तर्खडकर भाषांतर पाठमालेची वाट निराळी होती. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, पुन्हा इंग्रजी वाक्य, त्याचं मराठी. नियम थोडका, वाक्यं भरपूर. ज्यांनी ती नेटाने केली त्यांच्या कानाला बरोबर-चूक आपोआप कळायला लागलं. का कळतं, हे मात्र विचारायचं नाही.

मरे, नेस्फील्ड, रेन हे विद्वान होते, मग त्यांना ही यादी का सुचली नाही? सरळ आहे. इंग्रज घरातलं चार वर्षांचं पोर ‘आय एन्जॉय टू प्ले’ म्हणत नाही. जी चूक आपल्या घरात कुणी करत नाही, तिच्यावर औषधही कुणी शोधत नाही. इंग्रज पंडितांची भांडणं वेगळ्या गोष्टींवर चालत. हेन्री फाउलरने १९०६ पासून ‘मी गोइंग’ की ‘माय गोइंग’ या एका मुद्द्यावर रान उठवलं होतं आणि डेन्मार्कचा ऑटो येस्पर्सन त्याच्याशी वाद घालत होता. कुठल्या क्रियापदापुढे काय येतं याच्या सविस्तर नोंदी आहेत, पण त्या बहुतेक या येस्पर्सनच्या, नाहीतर पाउत्स्मासारख्या डच माणसांच्या जाडजूड ग्रंथांत. बाहेरून आलेल्यालाच घरातला उंबरठा लागतो.

शिवाय खुद्द इंग्रजीचंही या बाबतीत कुठे पक्कं ठरलं होतं? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत आजचं आयएनजी म्हणजे उंग किंवा इंग या प्रत्ययाने होणारं शुद्ध नाम होतं. त्याला कर्म जोडायची मुभा नव्हती. इन्फिनिटिव्हला स्वतःचा प्रत्यय होता, आणि टू हे त्याच्याआधी येणारं साधं शब्दयोगी अव्यय होतं: एखाद्या गोष्टीकडे, एखाद्या गोष्टीसाठी. पुढच्या शतकांत प्रत्यय झिजले, मिसळले. टू आपला मूळ अर्थ विसरून नुसती खूण म्हणून उरला, आणि आयएनजीचं नाम हळूहळू क्रियापदासारखं वागायला लागलं, थेट कर्म घ्यायला लागलं. अठराव्या शतकातही हे स्थित्यंतर संपलेलं नव्हतं. पुढे लंडनचा बिशप झालेल्या रॉबर्ट लोथने १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात बजावलंय की एक तर ‘द ऑब्झर्व्हिंग ऑफ’ म्हणा, नाहीतर नुसतं ‘ऑब्झर्व्हिंग’ म्हणा, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं नको. बिशपला बजावावं लागतंय, म्हणजे लोक सर्रास तसं बोलत होते.

त्या काळचे लेखक, एखादी गोष्ट पाहिल्याचं आठवतं हे सांगायला ‘रिमेंबर टू हॅव सीन’ लिहीत. ‘रिमेंबर सीइंग’ नंतर रुळलं. अव्हॉइडपुढे टू आणि क्रियापद ही जोडी जुन्या इंग्रजीत सापडते. एकोणिसाव्या शतकातले भलेभले ‘अकस्टम्ड टू डू’ लिहितात, ज्याखाली मी आयुष्यभर लाल रेघ मारली आणि वर ‘डूइंग’ लिहिलं. गेल्या तीनशे वर्षांचा एकूण कल आयएनजीकडे आहे. एकेक क्रियापद टूच्या गोटातून निघून आयएनजीच्या गोटात गेलं, काही अजून दोन्हीकडे जेवतात. आज जी यादी दिसते ती या धावपळीत एका क्षणी काढलेल्या फोटोसारखी आहे.

तो फोटो शाळकरी मुलाच्या हातात पडेल अशा आकारात काढला गेला टोकियोत.

हॅरल्ड पामर हा गृहस्थ १८७७ साली जन्मला. विद्यापीठाची पदवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बेल्जियममधल्या व्हेर्व्हिए गावी परदेशी लोकांना इंग्रजी शिकवत होता. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजा आल्या तेव्हा तिथून निसटून इंग्लंडला आला आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनियल जोन्सच्या हाताखाली शिकवायला लागला. १९१६ साली त्याने शंभर तक्त्यांचं एक पुस्तक काढलं. एका रकान्यात कर्ते, दुसऱ्यात क्रियापदं, तिसऱ्यात पुढचे तुकडे, आडवं वाचत गेलं की दर वेळी बरोबर वाक्य. आपल्याकडे डी.एड., बी.एड. केलेल्यांनी पाठ घेताना फळ्यावर काढलेला सब्स्टिट्यूशन टेबल तो हाच. परीक्षक मागच्या बाकावर बसलेले असताना तो काढताना हात कसा थरथरतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पामरचं नाव मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

१९२२ साली जपानच्या शिक्षण मंत्रालयाने त्याला सल्लागार म्हणून बोलावलं. जपानात तेव्हा इंग्रजी म्हणजे मान खाली घालून ओळीचं भाषांतर करायचं आणि प्रवेशपरीक्षा द्यायची. आपलं दुखणंही याहून वेगळं नव्हतं. पामरने १९२३ साली टोकियोत इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था काढली. त्याच वर्षी भूकंपाने टोकियो उद्ध्वस्त झालं, तरी संस्था टिकली. शब्दांच्या याद्या, वाक्यांचे साचे, शिक्षकांसाठी पत्रिका असं काम तिथून सुरू झालं. पामरच्या मते शब्द एकटा शिकवायची वस्तूच नव्हे. शब्द ज्या साच्यात बसतो तो साचा त्याच्याबरोबर शिकवला पाहिजे.

तिकडे १९२४ साली आल्बर्ट सिडनी हॉर्नबी हा लंडनला शिकलेला पंचविशीतला तरुण क्यूशू बेटावरच्या ओइता गावी एका व्यापारी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवायला आला. आल्यावर त्याला दिसलं की मुलांना साहित्यापेक्षा भाषेची गरज आहे. मग त्याने पामरशी पत्रव्यवहार सुरू केला, पुढे टोकियोला जाऊन त्याच्याबरोबर काम केलं आणि १९३६ साली पामर मायदेशी परतल्यावर संशोधनाची धुरा स्वतःकडे घेतली. आपल्या प्रत्येक शिक्षकाला ज्याचा अनुभव आहे ते हॉर्नबीने नीट मांडलं: मुलं चुकतात ती मूर्ख म्हणून नाही, ती तर्काने चुकतात. ‘वॉन्ट टू कम’ होतं, ‘वॉन्ट यू टू कम’ही होतं. ‘प्रपोज टू कम’ होतं, मग ‘प्रपोज यू टू कम’ का नको? ‘बिगॅन टॉकिंग’ आणि ‘बिगॅन टू टॉक’ यांचा अर्थ एक, तर ‘स्टॉप्ड टॉकिंग’ आणि ‘स्टॉप्ड टू टॉक’ यांचाही एकच असणार. हे मुलाचं गणित आहे आणि गणित म्हणून त्यात चूक काढता येत नाही. भाषाच तर्काला धरून चालत नाही. तेव्हा प्रत्येक क्रियापदाला त्याचा साचा कोशातच लिहून द्यायचा, म्हणजे मुलाला अंदाज करावा लागणार नाही, असं हॉर्नबीने ठरवलं.

त्याने आणि गेटन्बी व वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांनी मिळून कोश तयार केला. इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस साचे पाडले, त्यांना नंबर दिले आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याचे नंबर टाकले. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि हॉर्नबी एका रात्रीत शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. तो स्थानबद्ध झाला आणि १९४२ साली मायदेशी धाडला गेला. त्याच १९४२ साली टोकियोच्या काइताकुशा प्रकाशनाने तो कोश छापून काढला. एकमेकांची जहाजं बुडवणं चाललेलं असताना शत्रूच्या भाषेचा, शत्रूच्या माणसाने केलेला कोश जपानी छापखान्यातून बाहेर पडला, यात त्या प्रकाशकाची हिंमत म्हणायची की धंद्याची नजर, काय ते तुम्ही ठरवा. १९४८ साली तोच कोश ऑक्सफर्डने काढला आणि काही वर्षांत त्याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ हे नाव मिळालं. आपण ज्याला नुसतं ‘ऑक्सफर्ड’ म्हणतो तो हा.

हिंदुस्थानातही या सुमारास असं काम चाललं होतं. ढाक्याच्या ट्रेनिंग कॉलेजात काम केलेल्या मायकेल वेस्टने १४९० शब्दांत सगळे अर्थ सांगणारा कोश १९३५ साली काढला. पण त्याचा भर वाचनावर होता, बंगाली मुलाला वाचून समजलं की काम झालं. लिहायचं-बोलायचं कसं, हे सांगण्याचं काम हॉर्नबीकडे राहिलं.

मग स्वातंत्र्य आलं. मुंबई राज्यात खेर मंत्रिमंडळाच्या काळात इंग्रजी आठवीवर गेलं. अकरावीची एस.एस.सी. होती, म्हणजे उणीपुरी चार वर्षं हातात. एवढ्या वेळात नेस्फील्डची चिरफाड परवडणारी नव्हती. १९५८ साली हैदराबादला इंग्रजीची मध्यवर्ती संस्था निघाली, शिक्षकांची प्रशिक्षणं सुरू झाली आणि ‘स्ट्रक्चर’ हा शब्द शाळाशाळांत पोचला. पामर-हॉर्नबीचे साचे असे आपल्याकडे आले, नावं मागे राहिली. रेन १९४१ सालीच वारला होता. त्याच्या पुस्तकाची पुढे प्रसाद राव यांनी सुधारलेली आवृत्ती निघाली, तीत क्रियापदांच्या साच्यांचं प्रकरण जोडलेलं आहे. म्हणजे एकाच पुस्तकात पुढे ‘कुठलंही चालतं’ आणि मागे ‘कुठलंही चालत नाही’. आमच्या वर्गांनी पुढचं वाचलं, मागचं पान बहुधा परीक्षेला नसायचं.

हॉर्नबीच्या कोशाची १९७४ची तिसरी आवृत्ती माझ्यापुढे आहे. यात साच्यांना आकडा आणि अक्षर असे दुहेरी नंबर आहेत. व्हीपी (व्हर्ब पॅटर्न) ६सी म्हणजे पुढे आयएनजी, आणि तिथे टू चालणारच नाही: एन्जॉय यातलं. ६डी म्हणजे आयएनजी, पण टूही चालेल: लाइक, बिगिन. ६ई फार गमतीचं, नीडसारख्या दोन-तीन क्रियापदांपुरतं. घराला रंग द्यायला हवाय हे ‘द हाउस नीड्स पेंटिंग’ असं सांगायचं, रूप कर्तरी आणि अर्थ कर्मणी. ७ए म्हणजे टू. आता रिमेंबर काढा, ट्राय काढा, स्टॉप काढा. प्रत्येक अर्थापुढे वेगळा नंबर, नंबरापाठोपाठ उदाहरण. एवढी बारीक नक्षी की पाहत राहावं. आणि वापरायला इतकी अवघड, की नंबर लागला की सुरुवातीच्या पानांवर जायचं, तक्ता बघायचा, परत यायचं, तोवर मूळ शब्द विसरलेला. आमच्या शाळेत हा कोश होता. तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात असे आणि किल्ली क्लार्ककडे असे. मुलांनी त्याची पाठ तेवढी काचेतून पाहिली.

पुढच्यांनी हे जंजाळ कमी केलं. १९७८ साली लाँगमनच्या कोशाने टूला टी-थ्री आणि आयएनजीला टी-फोर असे नंबर दिले. १९८७ च्या कोबिल्ड कोशाने ही माहिती मजकुराच्या बाजूला स्वतंत्र रकान्यात काढली. ऑक्सफर्डच्या १९८९च्या आवृत्तीत आकडे जाऊन अक्षरं आली. शेवटी सगळेच शहाणे झाले आणि सरळ ‘टू’ किंवा ‘आयएनजी’ असं लिहायला लागले, जे पहिल्या दिवशीही लिहिता आलं असतं.

यादीमागे काही तत्त्व आहे का? अमेरिकेच्या ड्वाइट बोलिंजरने १९६८ साली सांगितलं की टू हे कल्पनेतल्या, अजून न घडलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं, आणि आयएनजी प्रत्यक्षातल्या, वस्तूसारख्या उभ्या असलेल्या गोष्टीकडे. वॉन्ट, होप, डिसाइड पुढे बघतात, एन्जॉय आणि फिनिश चालू किंवा झालेल्या गोष्टीबद्दल बोलतात. टूचा मूळ अर्थ ‘कडे’ होता हे लक्षात घेतलं तर ते पटतंही. पण सजेस्ट आणि पोस्टपोन पुढच्याच गोष्टीबद्दल असून आयएनजी घेतात, आणि मॅनेज पार पडलेल्या गोष्टीबद्दल असून टू घेतं. माझ्या मते हे तत्त्व शिक्षकाने मनात ठेवावं, वर्गात कायदा म्हणून सांगू नये. एकदा कायदा सांगितला की मागच्या बाकावरचा एखादा मॅनेज घेऊन उभा राहतोच.

मराठी मुलाला ही भानगड परकी वाटायचं मुळात कारण नाही. ‘मुलाला पोहायला सोडलं’ आणि ‘मुलाने पोहणं सोडलं’ यातला फरक आपल्याकडे पाच वर्षांच्या पोराला कळतो. ‘शिकायला विसरलो’ आणि ‘शिकलेलं विसरलो’ यांची गल्लत कुणी करत नाही. स्टॉप आणि फर्गेटचा धडा मी शेवटी शेवटी याच वाक्यांवरून सुरू करायचे आणि निम्मा वर्ग तिथेच पुढे सरकायचा. पामर ऐकता तर रागावला नसता, मातृभाषा वर्गातून हद्दपार करावी असं त्याचंही मत नव्हतं.

हॉर्नबीने १९६१ साली कोशाच्या मानधनातून शिक्षकांसाठी एक न्यास केला. परदेशी इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या शिक्षणासाठी त्याचा पैसा आजही खर्च होतो. ज्यांच्या चुकांमधून कोश उभा राहिला त्यांच्याकडे पैसा परत गेला, हे मला फार बरं वाटतं.

आता ज्या बाई आणि सर आज शाळेत आहेत त्यांना एवढंच सांगायचंय. यादी पाढ्यांसारखी घोकून घेऊ नका, मी घेतली आहे, ती पेपरापर्यंत पोचत नाही. मुलांच्या वहीत नुसतं ‘अव्हॉइड: टाळणे’ लिहू देऊ नका. ‘अव्हॉइड गोइंग’, ‘रिफ्यूज टू गो’ असं शेपटीसकट लिहायला लावा, पहिल्या दिवसापासून. आणि कोश कपाटातून काढून वर्गात टेबलावर ठेवा. मुलांनी हाताळून पानं फाटली तर फाटू द्यात.